एक झोका कुठं संपतो

श्रावण गावंडे सरांना परीक्षेची भीती वाटायची, आणि पोरांना वाटते त्याच्यापेक्षा चांगली दुप्पट वाटायची. पोरांची परीक्षा वर्षाच्या शेवटी एकदाच. सरांची मात्र शाळेची घंटा झाली की रोज सुरू. कारण जे ते शिकवत होते ते त्यांना स्वतःलाच धड येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. आदल्या दिवशी जेवढं वाचून ठेवलं तेवढं दुसऱ्या दिवशी यायचं, आणि एखाद्या पोरानं त्याच्या पुढचं काही विचारलं की सरांना एकदम खोकला यायचा.

गोष्ट चौसष्ट सालची. पुसदच्या पुढं, जिथून एसटी वळून परत जाते त्या गावातल्या हायस्कूलला कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा सायन्सचा वर्ग जोडून मिळाला. प्री-युनिव्हर्सिटी असं त्याचं भारदस्त नाव. एरवी मॅट्रिक झालेली पोरं यवतमाळ नाही तर अमरावती गाठायची, आणि ज्यांना ते जमायचं नाही ती निमूट वखर हाती धरायची. आता कॉलेजच आपल्या दारी आलं म्हणून गावानं हेडमास्तरांना हार घातले, पेढे वाटले, भाषणं ठोकली. वर्ग आला, पण शिकवणारा येईना. नागपूरकडच्या दोघांनी नोकरी धरली होती. त्यातला एक गाव बघून त्याच एसटीनं परत गेला, आणि दुसऱ्यानं पहिल्याला गाठून चौकशी केली असावी, कारण तो आलाच नाही. शेवटी हेडमास्तरांनी गावंडे सरांना बोलावलं. सर इंटरपर्यंत सायन्स शिकले होते, मग बी.ए. होऊन दहा वर्षं मराठी शिकवत होते. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही इंटर सायन्स आहात ना, मग झालं की. सरांना नाही म्हणता आलं नाही. तो त्यांचा जुनाच आजार होता.

वर्गात आठ जणं. सात पोरं आणि एक पोरगी. पोरगी म्हणजे भुरी, तांड्यावरच्या शंकरसिंग राठोडची. तांडा गावापासून लांब, टेकाडामागं. शंकरसिंग पोरीला रोज बैलगाडीनं आणून सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. त्यानं पोरीला शाळेत पाठवलं म्हणून तांड्यातली जुनी माणसं त्याच्यावर नाराजच होती. तिच्यासाठी दिग्रसकडच्या एका तांड्यातून सोयरीक येऊन थांबली होती, म्हणजे नुसता गूळ खायचा बाकी होता. गूळ खाल्ला की बंजाऱ्यात शब्द दिल्यासारखंच. शंकरसिंगनं त्या लोकांना परीक्षेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं आणि पोरीला दोन अटी घातल्या होत्या. एक, पहिल्या झपाट्यात पास झाली तर पुढं यवतमाळला मावशीकडं राहून शिकायचं, नापास झाली तर गूळ. दुसरी अट त्यानं सरांच्या देखतच सांगितली. मास्तरसंगं उलटून बोलल्याचं कानावर आलं, तं त्याच दिवशी गाडी घराकडं फिरवीन आणि पुन्हा आणणार नाही, असं तो म्हणाला. सरांना तेव्हा ही दुसरी अट फार आवडली होती.

आता त्या लंबकाचं ऐका. सगळं रामायण तिथंच घडलं.

दोऱ्याला धातूची गोळी बांधायची, ती झोक्यासारखी हलू द्यायची, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं, आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते त्याचा आकडा काढायचा. पुस्तकात उत्तर नऊशे ऐंशी. कॉलेजात असताना सरांनी हा प्रयोग केला होता, म्हणजे झोके त्यांचा जोडीदार मोजायचा आणि सर लिहून घ्यायचे. त्यामुळं झोका नेमका कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पुस्तक इंग्रजी. त्यातल्या ऑसिलेशन या शब्दाला सरांनी मराठीत झोका म्हटलं, आणि झोका कोणाला माहीत नाही? नागपंचमीला कडुनिंबाला दोर बांधला की पोरं त्या टोकाला गेली की एक म्हणतात, या टोकाला आली की दोन. सरांनी तसंच मोजायला शिकवलं. तिकडं एक, इकडं दोन.

पहिल्या दिवशी पोरांचे वीस झोके झाले तेव्हा भुरीचे दहाच झाले होते. सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, तुले साधं मोजताही येत नाही का. ती काही बोलली नाही. सातही पोरं हसली. तिचे आकडे सरांनी बघितलेही नाहीत, पुसायला लावले. त्यानंतर ती मुकाट्यानं पोरांसारखं मोजू लागली.

पोरांचं उत्तर आलं एकोणचाळीसशेच्या घरात. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. दोरा पुन्हा मोजला, गोळी बदलली, खिडकी लावून वारा बंद केला. उत्तर तेच. अशानं पृथ्वीनं सगळ्या गावाला केव्हाच गिळून टाकलं असतं. मग दोन दिवस डोकं खाजवल्यावर सरांना सापडलं की वेळ दुप्पट धरली तर उत्तर अगदी नऊशे ऐंशीच्या जवळ येतं. आणि लगेच त्यांना आठवलं की शाळेचं स्टॉपवॉच एकदा खेळांच्या वेळी दगडावर पडलं होतं. पुसदच्या घड्याळजीनं दुरुस्त करून देताना सांगितलंही होतं की थोडं मागं राहील. बस, सरांना पळवाट मिळाली. आपलं घड्याळ अर्धंच चालते, त्यांनी वर्गात सांगून टाकलं, म्हणून जो वेळ दिसेल त्याची दुप्पट करायची. पोरांनी लिहून घेतलं. भुरीनंही लिहून घेतलं. सेकंदकाट्याचं दुसरं एखादं घड्याळ शोधून ताडून बघावं असं सरांच्या मनात दोनदा आलं होतं, पण बघितलं आणि तिसरंच काही निघालं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी ती झाकूनच ठेवली. वर, चांगलं घड्याळ मिळालं तर दुप्पट करू नका रे, अशी सूचनाही देऊन ठेवली.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. शिडशिडीत, पांढऱ्या शर्टातले, कमी बोलणारे प्राध्यापक. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे सगळ्यात नापास, हा नियम पोरांपेक्षा सरांनाच जास्त पाठ होता. सकाळच्या तुकडीत चार जणं, दुपारी चार. कोणाला कोणता प्रयोग ते चिठ्ठीवर. भुरीनं चिठ्ठी उचलली, उघडली आणि लंबकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. सरांना बरं वाटलं. बाकीच्या प्रयोगांपेक्षा हा तिच्या हातचा होता.

परीक्षकांनी शाळेचं घड्याळ हातात घेतलं, त्याच्या काचेवरची भेग बघितली आणि ते बाजूला ठेवलं. मग आपल्या बॅगेतून चकचकीत नवं स्टॉपवॉच काढलं. हे वापर बेटा, ते म्हणाले, आणि ते नीट चालतंय ना हे बघायला त्यांनी स्वतःच गोळीला हलका धक्का देऊन कळ दाबली. गोळी तिकडं गेली. परीक्षक गप्प. गोळी परत आली. परीक्षक म्हणाले, एक. पुन्हा तिकडं गेली, गप्प. परत आली, दोन.

सर बाजूच्या खुर्चीवर बसले होते, ते बसलेच राहिले. क्षणात सारं कळलं. घड्याळ मागं राहतच नव्हतं. मागं राहिला होता तो गावंडे मास्तर. वर्षभर आठ लेकरांना त्यांनी अर्धा झोका पूर्ण म्हणून शिकवला होता, आणि आपली चूक त्या बिचाऱ्या घड्याळाच्या माथी मारली होती. आणि आता समोर नवं घड्याळ होतं. भुरी दोन्ही टोकांना मोजणार, दुप्पट करणार नाही, आणि तिचं उत्तर एकोणचाळीसशे येणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ते अर्धवट उठले आणि म्हणाले, साहेब, जरा एक सांगायचं होतं. परीक्षकांनी वर न बघताच हात केला. परीक्षा सुरू असताना शाळेच्या शिक्षकानं विषयाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, ते म्हणाले. सर खाली बसले.

तिकडं भुरीनं दोरा मोजला, गोळी सोडली, कळ दाबली. तिचे ओठ हलत होते. ती कशी मोजते आहे ते सरांना तिथून कळेना. खिडकीतून बाहेर बघितलं तर कडुनिंबाखाली शंकरसिंगची गाडी सोडलेली, बैल कडबा खात होते आणि तो स्वतः उकिडवा बसून वर्गाच्या दाराकडंच बघत होता. आज तो सकाळपासून हललाच नव्हता. सरांच्या मनात एक विचार येऊन गेला. गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नाही. पोरगी नापास झाली तर लोक म्हणतील, पोरीच्या जातीला कुठलं सायन्स जमते. मास्तरचं नाव कोणी घेणार नाही. हा विचार आला आणि सरांना स्वतःचीच शिसारी आली. पण खरं सांगायचं तर शिसारी आली तरी ते उठले नाहीत.

भुरीचं आटोपलं. परीक्षक तिच्या टेबलाशी गेले, कागद उचलला, आकड्यांवरून पेन्सिल फिरवली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"नऊशे बहात्तर," परीक्षक म्हणाले. "छान आहे."

सरांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भुरी मान खाली घालून उभी होती. म्हणजे हिनं पोरांसारखं मोजलंच नाही. हिनं पहिल्या दिवशी मोजलं होतं तसं मोजलं. सरांचा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार वेळ राहिला नाही, कारण परीक्षकांनी तोंडी प्रश्न सुरू केले.

पहिला प्रश्नच त्यांनी विचारला, झोका म्हणजे काय. कुठून कुठपर्यंत गेला की तू एक मोजलास? इतका सोपा प्रश्न. भुरी बोलेना. तिनं एकदा सरांकडं बघितलं, मग खिडकीकडं, बापाकडं, आणि पुन्हा खाली. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला, सोपा करून विचारला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. परीक्षकांचा चेहरा बदलला. उत्तर इतकं बरोबर, आणि झोका म्हणजे काय ते सांगता येत नाही? पुस्तकातलं उत्तर पाठ करून त्याला जुळतील असे आकडे लिहिणारी पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सावकाश विचारलं, बेटा, हे आकडे तू खरंच मोजलेस का?

तरी ती गप्प. आणि ती का गप्प आहे हे त्या खोलीत एकट्या गावंडे सरांना कळलं. खरं बोलावं तर मास्तर चूक ठरतो. मास्तरला चूक म्हणणं म्हणजे उलटून बोलणं, आणि बाप बाहेरच बसला आहे. खोटं बोलावं, सरांचंच उत्तर द्यावं, तर कागदावरचे आकडे खोटे ठरतात. पोरगी दोन्ही बाजूंनी कोंडली होती, आणि कोंडवाड्याची कडी सरांच्या हातात होती.

ते उठले. खुर्ची मागं पडली तिच्याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

"भुरे," ते म्हणाले, "माहं सांगू नको. तुहं सांग."

"गावंडे, खाली बसा," परीक्षक म्हणाले.

"बसतो साहेब. पण एवढं ऐकून घ्या. झोका मी यांना वर्षभर चुकीचा शिकवला. ही बरोबर मोजत होती तर मी हिचं चार लोकांत हसू केलं. ही आता माझा मान राखून राहिली आहे, म्हणून बोलत नाही. आकडे तिचे खरे आहेत." एवढं बोलून ते बसायला गेले आणि खुर्ची नव्हती म्हणून उभेच राहिले. खोलीतल्या बाकीच्या तीन पोरांनी आपले प्रयोग थांबवले होते.

परीक्षक भुरीकडं वळले आणि सांग म्हणाले.

भुरीनं पदराचं टोक सोडलं. "पोरगं पाळण्यात हाये," ती म्हणाली. "दोरी ओढली, थे तिकडं गेलं, अन् वापस आपल्याकडं आलं. मंग पुन्हा दोरी ओढाची. दोरी एकदा ओढली का एक झोका."

"आणि तिकडे गेल्यावरच मोजला तर?"

"तं पोरगं अर्ध्या वाटेवरच राह्यते जी."

परीक्षक हसले नाहीत, पण त्यांनी पेन्सिल उचलली. आणखी चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं मिळाली. मग ते सरांजवळ आले आणि वर्षभर उत्तर कसं जुळवत होता ते त्यांनी हळू आवाजात विचारलं. सरांनी कॉलेजातल्या झोके मोजणाऱ्या जोडीदारापासून दगडावर पडलेल्या घड्याळापर्यंत आणि दुप्पटीपर्यंत सगळं सांगितलं, काहीच राखलं नाही. परीक्षकांनी शाळेचं भेगेचं घड्याळ आणि आपलं नवं घड्याळ शेजारी शेजारी ठेवून दोन्ही कळा एकदम दाबल्या. काटे बरोबरीनं निघाले आणि बरोबरीनं फिरून आले. ते बघताना सरांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

परीक्षक म्हणाले की उन्हाळ्यात नागपूरला शिक्षकांसाठी कॉलेजच्या अभ्यासाचा वर्ग भरतो, तुमचं नाव मी तिथं लावायला सांगणार आहे, आणि या वेळी झोके तुम्ही मोजायचे, जोडीदारानं नाही. सरांनी मान हलवली. मग परीक्षक घड्याळ खिशात टाकत म्हणाले, "दुपारच्या तुकडीतही कोणाला तरी लंबक येईल. मी आता चहाला जातो. चहा मी फार सावकाश पितो."

सर पळतच बाहेर आले. दुपारची चार पोरं कडुनिंबाखाली डबे सोडून बसली होती. शंकरसिंग उठून पुढं आला. त्यानं खिडकीतून मास्तरला उभं राहून बोलताना बघितलं होतं, आणि पोरीनं काहीतरी घोटाळा केला असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पोरगी काही बोलली का तुमाले, त्यानं विचारलं. त्याचा हात बैलाच्या वेसणीवर होता.

"नाही बोलली," सर म्हणाले. "वर्षभर बोलली नाही, म्हणूनच आज नापास होऊन राह्यली होती."

शंकरसिंगला हे पुरतं उलगडलं नाही. सरांनी त्याला चार वाक्यांत सांगितलं, चूक कोणाची ते आधी सांगितलं. शंकरसिंग ऐकत राहिला, आणि मग जरा चिडूनच म्हणाला, "मंग बोलाले पाह्यजे होतं ना तिनं."

भुरी मागं येऊन उभी होती. सरांनी तिला विचारलं, तुले कधीपासून ठाऊक होतं. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी; पुसायला लावलेले आकडे डोक्यात राहिले होते, ते घरी जाऊन मांडले, तर पुस्तकातलं उत्तर आलं. घड्याळ चांगलंच होतं सर, ती म्हणाली. सरांनी शंकरसिंगला गाडीचा कासरा मागितला, त्याला दगड बांधला आणि दुसरं टोक फांदीवरून टाकून पक्कं केलं. मग ते बाजूला झाले आणि पोरांना म्हणाले, झोका आता भुरी शिकवते, अन् जो हसन त्याचा कान धरीन.

भुरी पुढं झाली. पोरं डबे तसेच ठेवून उभी राहिली, सरही त्यांच्याच रांगेत. त्या चौघांतल्या देवीलालला धीर निघत नव्हता, लंबक मलाच येणार असं तो सकाळपासून म्हणत होता. भुरीनं दगड आपल्याजवळ ओढला आणि सोडला. दगड लांब गेला, तिकडच्या टोकाला पोचला, आणि वर्षभराच्या सवयीनं सरांच्या तोंडून निघून गेलं, "एक."

"थांबा सर," भुरी म्हणाली. "थो अजून वापस आला नाही."

सगळी पोरं एकदम शंकरसिंगकडं बघायला लागली. भुरीचाही चेहरा उतरला. शंकरसिंग बैलांजवळ उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. दगड परत आला तेव्हा त्यानं वेसणीवरचा हात काढला आणि तो पुन्हा कडुनिंबाच्या मुळाशी जाऊन बसला. गाडी काही त्यानं फिरवली नाही.